राखेखालचा निखारा

चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरांत रात्रीचं शेवटचं काम ठरलेलं असे. जेवणं आटोपली, भांडी घासून पालथी घातली, की चुलीतले दोन-तीन जाड निखारे एका कडेला सारायचे आणि त्यांच्यावर राख ओढायची. वरून पाहणाऱ्याला चूल विझलेली वाटे. पहाटे तीच राख बाजूला केली, चार काटक्या ठेवल्या आणि फुंकणीने फुंकर घातली, की जाळ धरे.

राख इथे दोन कामं करते. निखाऱ्यापर्यंत ती हवा बेताने पोचू देते, म्हणून तो सावकाश जळतो. त्याची उष्णताही ती सहजासहजी बाहेर पडू देत नाही, म्हणून तो विझण्याइतका गार होत नाही. राख हातात घेऊन पाहा. ती भुसभुशीत आणि हलकी लागते. ओंजळभर राखेत घन पदार्थ थोडा आणि कणाकणांत अडकलेली हवाच जास्त. सगळं मर्म त्या अडकलेल्या हवेत आहे.

पण राखेलाही उष्णता कायमची कोंडता येत नाही. दोन दिवस चूल पेटवलीच नाही, तर निखारा विझणारच. उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते आणि तिचं हे जाणं पूर्ण थांबवणारा पदार्थ जगात नाही. माणसाच्या हातात तीन गोष्टी आहेत. उष्णतेला आल्या वाटेने परतवायचं, तिला वाटेत रेंगाळवायचं, किंवा एखादी वस्तू तिच्या तोंडी देऊन तिला तिथेच खर्ची पाडायचं. मोटारसायकलच्या सायलेन्सरवरचा पत्रा, गच्चीवरचा पांढरा रंग, साखर कारखान्यातल्या वाफेच्या नळीवरचं वेष्टन आणि चंद्राकडून परतणाऱ्या यानाचं बूड, या सगळ्यांत ह्याच तीन युक्त्या कमी-अधिक प्रमाणात वापरलेल्या असतात. कोणत्या जागी कोणती युक्ती लागू पडते हे कळलं, की उष्णतारोधक निवडणं अवघड राहत नाही. ते न कळता आणलेला महागडा पदार्थही वाया जातो.

उष्णतेच्या तीन वाटा

वहन, अभिसरण आणि प्रारण ही नावं शाळेत पाठ केलेली असतात. स्वयंपाकघरात त्यांची रोज गाठ पडते.

उकळत्या आमटीत पळी राहिली, की तिचा दांडा तापतो. हे वहन. पदार्थ उष्णता किती सहज पुढे जाऊ देतो, हे त्याच्या उष्णतावाहकतेच्या आकड्यावरून कळतं. वॉट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात तांब्याचा आकडा सुमारे ४००, ॲल्युमिनियमचा २००च्या वर, साध्या पोलादाचा ५०च्या आसपास, तर स्टेनलेस स्टीलचा जेमतेम १५. काँक्रीटचा साधारण दीड, विटेचा ०.७, लाकडाचा ०.१५. ग्लासवूलचा ०.०४ आणि स्थिर हवेचा ०.०२५. तांबं आणि स्थिर हवा यांच्यात सोळा हजार पटींचा फरक आहे. थर्माकोल असो, ग्लासवूल असो की मेंढीची लोकर, आपण विकत घेतो ती मुख्यतः हवाच. तंतू आणि फेस हे तिला जागच्या जागी धरून ठेवणारे कप्पे.

‘स्थिर’ हा शब्द इथे मोलाचा आहे. हवा मोकळी सुटली, की तापलेली हवा वर जाते, गार हवा तिची जागा घेते आणि उष्णता तिच्यासोबत प्रवास करते. हे अभिसरण. म्हणून हवेची पोकळी वाटेल तितकी रुंद करून भागत नाही. एका मर्यादेपलीकडे तीत हवेचे प्रवाह सुरू होतात आणि रुंदीचा फायदा संपतो. उलट कप्पे जितके बारीक, तितकं बरं. १९३१ साली सॅम्युअल किस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सिलिकाचा एरोजेल तयार केला. त्याची छिद्रं इतकी सूक्ष्म असतात, की हवेच्या रेणूंना एकमेकांवर आपटून उष्णता पुढे ढकलायलाही पुरेशी जागा मिळत नाही. त्यामुळे एरोजेलची वाहकता मोकळ्या स्थिर हवेपेक्षाही कमी भरते.

तिसरी वाट प्रारणाची. शेकोटीसमोर बसलं, की तोंड भाजतं आणि पाठ गारठते. मधली हवा तुमच्या तोंडापर्यंत ऊब आणत नाही, ती जाळाच्या वर निघून जाते. जाळाकडून थेट अवरक्त किरण येतात. मध्ये नुसतं वर्तमानपत्र धरलं तरी ते तुटतात. ही वाट तापमानाबरोबर झपाट्याने रुंदावते, कारण प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढतं. २७ अंश सेल्सिअसचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ४६० वॉट उत्सर्जित करतो. निरपेक्ष तापमान दुप्पट झालं, म्हणजे पृष्ठभाग ३२७ अंशांवर पोचला, की हा आकडा सोळापट होऊन सात हजारांच्या वर जातो. ९२७ अंशांना तो १ लाख १७ हजार वॉट होतो. म्हणून घराच्या भिंतीत जो पदार्थ उत्तम ठरतो, तो भट्टीच्या दारात अपुरा पडू शकतो. तिथे मुख्य वाटच बदललेली असते.

ढाल आणि गोधडी

मोटारसायकलच्या सायलेन्सरवर भोकं पाडलेला एक पातळ पत्रा बसवलेला असतो. नळी तापून लाल व्हायची बाकी असली, तरी त्या पत्र्याला पोटरी टेकली तर सहसा भाजत नाही. पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, तोही धातूचा, म्हणजे उष्णतेचा उत्तम वाहक. तरी तो काम करतो, कारण तो नळीला चिकटलेला नाही. मध्ये फट आहे, पत्रा अगदी थोड्या ठिकाणी नळीला धरलेला आहे, आणि फटीतून वारा खेळतो.

ढालीचं गणित असं. दोन काळ्या पृष्ठभागांमध्ये एक काळा पत्रा उभा केला, तर प्रारणाने जाणारी उष्णता निम्मी होते. पत्रा तापतो आणि मिळालेल्यातली अर्धी उष्णता मागे, अर्धी पुढे देतो. त्याच्या जाडीचा यात संबंध नाही. तोच पत्रा चकचकीत ॲल्युमिनियमचा असेल, तर तो उष्णता स्वीकारतोही कमी आणि सोडतोही कमी. काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत सुमारे ५ टक्केच. मग प्रारण चाळिसाव्या भागावर येतं. केसाहून पातळ पान चालेल, पण त्याला दोन गोष्टी हव्यात: समोर मोकळी फट आणि स्वच्छ चकाकी. चकचकीत पान दोन वस्तूंमध्ये घट्ट दाबलं, की ती ढाल राहत नाही, वहनासाठी एक धातूचा थर होतो. त्यावर धूळ बसली, की चकाकीचा गुण जातो.

मोटारीच्या पोटाखाली धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो ४०० ते ८०० अंशांपर्यंत तापतो. त्याच्याभोवतीच्या पत्र्याच्या ढालीचा बोल्ट गंजला, की ती खडखडते आणि पुष्कळ लोक ती काढूनच टाकतात. वाळलेल्या गवतावर अशी गाडी उभी केली, तर गवत पेटू शकतं. खडखडणारी ढाल घट्ट करून घ्यायची असते.

ढाल प्रारणासाठी आणि गोधडी वहनासाठी, असं म्हणता येईल. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून दोरा भरलेल्या गोधडीत थराथरांत हवा अडकते. दोन्ही युक्त्या एकत्र केल्या, की उपग्रहावरचं वेष्टन तयार होतं. पातळ प्लास्टिकच्या पानांवर ॲल्युमिनियमचा मुलामा, दोन पानांमध्ये जाळीचं अस्तर, असे दहा-वीस थर. निर्वात अवकाशात वहनाला हवाच नसते, राहतं फक्त प्रारण, आणि ते प्रत्येक थरावर मागे फिरतं. छायाचित्रांत हे वेष्टन सोन्यासारखं दिसतं. तो रंग कॅप्टॉन नावाच्या पिवळसर प्लास्टिकचा असतो आणि चकाकी त्यामागच्या ॲल्युमिनियमची.

घरातला थर्मासही याच घराण्यातला. जेम्स ड्यूअर यांनी १८९२मध्ये द्रवरूप वायू साठवण्यासाठी दुहेरी भिंतीचं निर्वात भांडं बनवलं. निर्वात पोकळीने वहन आणि अभिसरण बंद झालं, चांदीच्या मुलाम्याने प्रारण परतलं. २०२१च्या डिसेंबरात सुटलेल्या जेम्स वेब दुर्बिणीला टेनिसच्या मैदानाएवढी पाच पडद्यांची छत्री आहे. तिच्या सूर्याकडच्या बाजूला सुमारे ८५ अंश आणि सावलीतल्या बाजूला उणे २३३ अंश. पाचही पडदे एकमेकांपासून दूर ताणलेले आहेत, कारण मधल्या फटींतूनच उष्णता कडेने अवकाशात निसटते.

निसर्गानेही असं वेष्टन विणलं आहे. चंद्रयान-३च्या विक्रम लँडरवरच्या ‘चेस्ट’ या उपकरणाने २०२३च्या ऑगस्टमध्ये चंद्राच्या मातीत तापमापक खुपसला. पृष्ठभाग ५० अंशांहून गरम, आणि अवघ्या ८ सेंटीमीटर खाली उणे १० अंश. कोरड्या, भुसभुशीत धुळीच्या कणांमध्ये तिथे हवासुद्धा नाही. आपल्या चुलीतल्या राखेपेक्षाही ती सरस रोधक आहे.

परतीचा प्रवास

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटर असतो. त्या वेगामुळे यानाच्या प्रत्येक किलोमध्ये सुमारे ३ कोटी जूल ऊर्जा साठलेली असते. एवढ्या ऊर्जेत बारा-एक लिटर पाणी पूर्ण आटून वाफ होईल. जमिनीवर थांबायचं, तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते.

१९५१ साली अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत एच. ज्युलियन ॲलन यांना सुचलेला उपाय त्या काळच्या समजुतीच्या अगदी विरुद्ध होता. वेगवान विमान टोकदार असावं, हे तेव्हा गृहीतच धरलं जाई. ॲलन आणि त्यांचे सहकारी अल्फ्रेड एगर्स यांनी दाखवलं, की परतणाऱ्या यानाचं तोंड बोथट हवं. बोथट तोंडापुढे हवा दाबली जाऊन धक्कालहर यानापासून थोडी दूर उभी राहते आणि बहुतेक उष्णता बाजूने वाहणाऱ्या हवेतच जाते. यानाच्या अंगाला तिचा लहानसा वाटा लागतो. मर्क्युरी यानापासून आजवरच्या अवकाशकुपींची बुडं पसरट का, याचं उत्तर इथे आहे. रोधक पदार्थ निवडण्याआधी त्यांनी उष्णतेची वाट वळवली.

उरलेला लहानसा वाटाही भयंकर असतो. चंद्राकडून परतणाऱ्या अपोलो यानांचा वेग सेकंदाला ११ किलोमीटर असे आणि ढालीचा पृष्ठभाग सुमारे २,७०० अंशांपर्यंत तापे. तिथे तिसरी युक्ती कामी आली, आणि ती आपल्या माठात आहे.

माठ झिरपतो. बाहेर आलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार राहतं. थोडं पाणी द्यायचं, बाकीचं राखायचं. वाळ्याच्या ओल्या पडद्याचा हिशेबही हाच. अपोलोच्या ढालीत मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती आणि तिच्या लाखो कप्प्यांत ॲव्हकोट हे राळयुक्त मिश्रण हाताने भरलेलं होतं. तापलं की ते करपे, त्यातून वायू निघत, ते वायू उष्णता घेऊन बाहेर पडत आणि तप्त हवेला अंगापासून दूर लोटत. मागे राहिलेला कोळसा पुढचा रोधक होई. १९९५च्या डिसेंबरात गॅलिलिओ यानाची कुपी सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात शिरली, तेव्हा तिच्या १५२ किलोंच्या ढालीतले ८० किलो जळून गेले. उपकरणं मात्र सुखरूप राहिली.

झिजणाऱ्या ढालीला श्वास घ्यायलाही जागा लागते. २०२२च्या आर्टेमिस-१ या मानवरहित मोहिमेत ओरायन कुपी परतली, तेव्हा तिच्या ढालीवरून शंभराहून अधिक ठिकाणी करपलेल्या थराचे तुकडे निघालेले आढळले. आत तयार झालेले वायू बाहेर पडण्याइतका तो थर सच्छिद्र नव्हता. दाब वाढला आणि तडे गेले. माठ भाजताना माती सच्छिद्र राहिली पाहिजे, ही काळजी कुंभार पिढ्यान्‌पिढ्या घेत आला आहे.

भारतानेही ही विद्या पायरी-पायरीने मिळवली. १० जानेवारी २००७ रोजी पीएसएलव्हीने सोडलेली एसआरई-१ ही कुपी बारा दिवसांनी बंगालच्या उपसागरात उतरली. तिच्या नाकावर झिजणारं कार्बन-फिनॉलिक होतं आणि अंगावर सिलिकाच्या फरशा. डिसेंबर २०१४मध्ये माणसं नेण्यासाठी आखलेल्या कुपीचा मोठा नमुना १२६ किलोमीटर उंचीवरून सुखरूप खाली आणला गेला. अग्निबाणाच्या टोकावरच्या आवरणालाही इस्रोत ‘हीट शील्ड’ म्हणतात. वर जाताना हवेच्या घर्षणापासून ते उपग्रहाला जपतं आणि हवा विरळ झाली, की दोन फाळक्यांत उघडून गळून पडतं. ३१ ऑगस्ट २०१७ला ते उघडलंच नाही. उपग्रह आत अडकून राहिला आणि मोहीम वाया गेली. ढालीचं काम संपलं, की तिला उतरताही आलं पाहिजे.

फोमचा तुकडा

अमेरिकेच्या स्पेस शटलला पुन्हा पुन्हा उडायचं होतं, म्हणून त्याच्यासाठी न झिजणारा रोधक निवडला गेला. शटलच्या पोटाशी हजारो फरशा चिकटवलेल्या असत. फरशी शुद्ध सिलिकाच्या तंतूंची आणि तिच्या आकारमानात नव्वद टक्क्यांहून अधिक पोकळी. भट्टीतून काढलेली १,२०० अंशांची लालबुंद फरशी काही सेकंदांनी कोपऱ्यांना धरून उघड्या बोटांनी उचलता येई. कोपरे चटकन निवत आणि आतली उष्णता बोटांपर्यंत पोचायला फार वेळ लागे. त्या फरशीखाली ॲल्युमिनियमचा सांगाडा होता आणि तो १७५ अंशांपलीकडे जाऊ द्यायचा नव्हता. शटल उतरेपर्यंत उष्णतेला फरशीतच रेंगाळवायचं, एवढंच ते काम. पंखांच्या पुढच्या कडा आणि नाक यांवर सर्वांत जास्त मारा, म्हणून तिथे कार्बनच्या तंतूंनी बळकट केलेल्या कार्बनचे तुकडे बसवलेले असत.

शटलच्या भल्यामोठ्या इंधनटाकीवर दुसरा रोधक होता: फवारलेला फोम. आत उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन, बाहेर फ्लोरिडाची दमट हवा. फोम नसता, तर टाकीवर बर्फ जमला असता आणि इंधन उकळून गेलं असतं.

१६ जानेवारी २००३ला कोलंबिया निघालं, तेव्हा उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी त्या फोमचा पाऊण किलोच्या आसपासचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. चौकशीच्या काळात तसाच तुकडा तशाच पॅनेलवर बंदुकीने डागून पाहिला, तेव्हा सुमारे ४० सेंटीमीटरचं भोक पडलं. १ फेब्रुवारीला परतताना तप्त वायू त्या खिंडारातून पंखात शिरला आणि ॲल्युमिनियम वितळलं. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले.

ही हकिगत लिहिताना हात जड होतो. दोन्ही रोधक आपापल्या आकड्यांत उत्तम होते. फोम टाकी गार ठेवत होता, कार्बन ज्वाळा सोसत होता. पण फोम टाकीला घट्ट धरून राहील का आणि कार्बनची कड आघात सोसेल का, हे प्रश्न वाहकतेच्या तक्त्यात नव्हते. रोधक निवडताना त्याला धरून ठेवणारा सांधा आणि त्याच्या शेजारची वस्तू या दोन्ही गोष्टी त्या निवडीतच येतात. घरालाही हाच नियम लागू आहे.

डोक्यावरचं ऊन

मे महिन्यातल्या भर दुपारी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट ऊन पडतं. करडं काँक्रीट त्यातलं दोन-तृतीयांशाच्या आसपास पिऊन टाकतं. ताजा पांढरा रंग किंवा चुना बहुतेक ऊन परतवतो आणि पाव हिस्साच ठेवतो. म्हणून पहिला खर्च गच्चीच्या रंगावर करावा. तो स्वस्तही असतो. अहमदाबादने २०१३मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छपरं पांढरी करण्याचं काम याच हिशेबाने झालं. धुळीने पांढरा रंग करडा होतो, तेव्हा दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवावी आणि गरजेनुसार हात फिरवावा.

चकचकीत पत्रा उन्हात गार राहील असं वाटतं, पण तसं होत नाही. धातू ऊन परतवतो खरा, पण जेवढं घेतो तेवढं प्रारणाने सोडून द्यायला तो कंजूष असतो, म्हणून तापत राहतो. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि स्वतःची उष्णताही मोकळेपणाने सोडतो. म्हणून पत्र्याच्या घराला वरून पांढरा रंग द्यावा. खालून दोन-तीन सेंटीमीटर फट ठेवून चकचकीत फॉइल ताणावं, म्हणजे तापलेल्या पत्र्याचं प्रारण माणसांपर्यंत पोचत नाही. फॉइल पत्र्यालाच चिकटवू नये. फटीतली गरम हवा बाहेर पडायला दोन्ही टोकांना वाट ठेवावी.

स्लॅबच्या घरात आणखी एक अडचण असते. काँक्रीट दिवसभर ऊन साठवतं आणि रात्री खाली सोडतं. दहा वाजता पंखा लावला, तरी छत तापलेलंच. इथे रोधकाचा थर स्लॅबच्या वर, जलरोधक थराच्या जोडीने हवा. मग ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही. पाच सेंटीमीटर जाडीच्या एक्सपीएस फोमचा रोध सुमारे अडीच मीटर जाड काँक्रीटएवढा भरतो. आतून छताला रोधक लावला, तर खोलीला आराम मिळेल, पण वर स्लॅब तापतच राहील.

मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांनी वेगळी वाट धरली. जाड मातीचं छत आणि हातभर जाडीच्या भिंती उष्णता फारशी अडवत नाहीत, तिला उशीर करवतात. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते आणि तेव्हा माणसं माळवदावर मोकळ्या हवेत झोपायला गेलेली असतात. त्या घरांनी उष्णतेच्या चालीला माणसाच्या दिनक्रमाशी जुळवून घेतलं.

नळी आणि शीतगृह

साखर कारखान्यातली वाफेची नळी पाहा. पृष्ठभाग १५० अंशांवर उघडा असेल, तर हवेत आणि प्रारणात मिळून दर चौरस मीटरमागे दोन किलोवॉटच्या आसपास उष्णता उडून जाते. त्यावर पाच सेंटीमीटर रॉकवूलचं लॅगिंग केलं, की सपाट पृष्ठभागाच्या हिशेबाने ती सुमारे १०० वॉटवर येते. म्हणजे वीसपट घट. आणखी पाच सेंटीमीटर घातलं, तर ५० वॉट. पहिल्या थराने १,९०० वॉट वाचवले, दुसऱ्याने जेमतेम ५०. म्हणून आधीच झाकलेल्या नळीवर दुसरा थर चढवण्याआधी उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि फ्लँज झाकावेत. लॅगिंगवरचं ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग पावसापासून जपतं, आणि तेही तितकंच महत्त्वाचं आहे. पाण्याची वाहकता हवेच्या सुमारे चोवीसपट असते. भिजलेला रोधक आपला गुण गमावतो आणि आतल्या आत नळी गंजवतो.

गार बाजूला पाण्याचा धोका दुसऱ्या वाटेने येतो. नाशिकच्या द्राक्षांच्या शीतगृहात आत शून्य अंशांच्या आसपास तापमान आणि बाहेर दमट हवा. हवेतली वाफ भिंतीतून आत शिरू पाहते आणि वाटेत गार जागा मिळाली, की तिथे तिचं पाणी होतं. म्हणून तिथे बंद कप्प्यांच्या फोमचे, दोन्ही बाजूंनी पत्रा लावलेले पफ पॅनेल वापरतात, आणि सांधे हवाबंद करतात. एसीच्या तांब्याच्या नळीवरचा काळा रबरी फोमही याच कामाचा. तो जिथे फाटलेला असतो किंवा सांध्याला उघडा राहतो, तिथूनच भिंतीवर ओल उतरते.

निवडण्याआधी

दुकानात गेलं, की विक्रेता वाहकतेचा आकडा सांगतो. तो ऐकावा, पण तो तक्ता मागण्याआधी चार गोष्टी स्वतः ठरवून जावं.

पहिली, उष्णता कोणत्या वाटेने येते आहे. उघड्या ज्वाळेसमोर, तापलेल्या पत्र्याखाली, सायलेन्सरजवळ प्रारण मुख्य असतं. तिथे चकचकीत ढाल आणि फट. नळी, भिंत, शीतगृह इथे वहन मुख्य, तिथे जाडी.

दुसरी, तापमान किती. थर्माकोल ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतो. पफ शंभरीच्या पुढे टिकत नाही. बाजारातलं नेहमीचं ग्लासवूल दोन-अडीचशे अंशांपर्यंत, रॉकवूल सहाशेच्या वर, आणि भट्टीच्या आत सिरॅमिकचं ब्लँकेट हजाराच्या वर चालतं. थर जोडताना सोसणारा पदार्थ गरम बाजूला आणि स्वस्त पदार्थ त्यामागे ठेवतात. तंतुमय पदार्थ कापताना नाकावर मास्क आणि हातात मोजे असावेत. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याला तर कापू नये, भोक पाडू नये, फोडू नये. त्याचे तंतू फुप्फुसात गेले, तर कर्करोग होऊ शकतो आणि तो कित्येक वर्षांनी उघड होतो.

तिसरी, ती जागा कोरडी राहील का. राहणार नसेल, तर बंद कप्प्यांचा फोम, आणि गरम बाजूला वाफ अडवणारा थर.

चौथी, आग लागली तर काय होईल. १४ जून २०१७ला लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली. इमारतीची ऊब टिकावी म्हणून बाहेरून बसवलेल्या आवरणात पॉलिएथिलिनचा गाभा असलेले पॅनेल होते आणि त्यामागे जळणारा फोम. आग त्या आवरणावरूनच वर चढत गेली. उंच इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, जिन्यापाशी, गॅसजवळ न जळणारा रोधकच घ्यावा. तिथे वाहकतेत थोडा मागे असलेला रॉकवूल पुढचा ठरतो.

ह्या चारही गोष्टींच्या तळाशी एक प्रश्न असतो, आणि तो चुलीपाशी निखारा राखेत पुरणाऱ्या बाईला कुणी शिकवावा लागला नव्हता: किती वेळ? यानाच्या ढालीला काही मिनिटं काढायची असतात. गच्चीला सूर्य मावळेपर्यंत, माळवदाला माणसं वर झोपायला जाईपर्यंत, शीतगृहाला द्राक्षं जहाजात चढेपर्यंत. उष्णता पलीकडे पोचणारच आहे. ती कधी पोचावी आणि तोवर आपलं काम उरकलेलं असावं, एवढंच ठरवायचं असतं. त्या बाईने चिमूटभरही राख जास्त ओढलेली नसे. तिला रात्र किती मोठी आहे हे ठाऊक होतं.